आजीचं माप

(पत्र जरा कापून देतेय, गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय.)

"ताई, मी गुहागर तालुक्यातली, वय 42, बँकेत नोकरी. बरीच वर्षं माझ्या आजीवर, म्हणजे वडिलांच्या आईवर, कादंबरी लिहितेय. आजी 1944 साली विधवा झाली, पदरात दोन मुलगे. खोतांचं घर. आगर, भातशेती, कुळं, कोर्टकचेऱ्या सगळं तिने एकटीने सांभाळलं, विधवेचं लाल आलवण नेसून, मरेपर्यंत किल्ल्या कमरेला. पण माझ्या आईशी ती फार वाईट वागली. पुण्याच्या मैत्रिणीला ड्राफ्ट वाचायला दिला तर ती म्हणते आईच्या छळाचा भाग काढून टाक, इतकी स्ट्रॉंग बाई आहे, तिला व्हिलन केलंस तर ही स्त्रीवादी कादंबरी होणारच नाही. इकडे चुलतभाऊ म्हणतो घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणलीस तर बघ. वडील गेलेत, वाटणीचं चाललंय, आई आणि मी दोघींनी हक्कसोडीवर सही करावी असं त्यांचं म्हणणं, आणि सही केलीत तर पुस्तकाचं आम्ही काही बोलणार नाही असं आडून सुचवलंय. अजून एक, आजीला घरातल्या बोलीत बोलू देऊ का शुद्ध मराठीत? आणि मुळात हे सगळं पूर्ण करू का सोडून देऊ?"

अगं सोडतेस कसली. एवढी पानं लिहून झाल्यावर सोडायची परवानगी माझ्याकडे मागू नकोस, मी काय ती देणार नाही.

आधी मैत्रिणीचं बघू. ती वाईट हेतूने बोलत नाहीये हे मला कळतं, हल्ली बऱ्याच ठिकाणी असंच धरून चालतात की बाईवर लिहायचं म्हणजे ती एकतर सोसणारी हवी नाहीतर लढणारी हवी, आणि एकदा लढणारी ठरली की तिने सुनेला साधं टाकून बोललेलंसुद्धा चालत नाही, लगेच कुणीतरी म्हणतं अगं हे का घातलंस, पुरुषांना आयतं कोलीत मिळतं. मला नाही पटत हे. आजी वाईट वागली असं लिहिल्याने स्त्रीवादाला काय धाड भरत नाही. ती तसं वागू शकली म्हणजे तिच्या हातात काहीतरी होतं, ते कुठून आलं, कोणाच्या जिवावर आलं, आणि ते गेलं असतं तर तिचं काय झालं असतं, हे तू विचारायला लागलीस की तुझी आजी फोटोतून खाली उतरेल. आत्ता ती फोटोत आहे. हार घातलेला आहे. (तुझी पहिली दोन प्रकरणं वाचताना मला उदबत्तीचा वास आला, राग मानू नकोस.)

पण तू पाठवलेल्या पानांत एक वाक्य आहे. जाता जाता लिहून पुढे गेलीयस. की आजी कुळांकडून खंडाचं भात घेताना माप शीग लावून घ्यायची, आणि मजुरीचं भात देताना त्याच मापावरनं हात फिरवून सपाट करून द्यायची. मग पाचसहा पानांनी, वेगळ्याच प्रसंगात, तुझी आई सकाळी कोठीच्या दारात तांदळासाठी उभी आहे, नवीन लग्न झालेलं, हातात टोप, आणि आजी माप भरते आणि वरनं हात फिरवते. सपाट. घरात माणसं किती जेवायला आहेत ते आजीला माहितीय, तरी सपाट. आणि मग आई शेवटी जेवायला बसते तेव्हा भात उरलेला नसतो.

हे दोन प्रसंग तू कुठेच जोडलेले नाहीयेस, मला वाटतं तुझ्या लक्षातही आलेलं नाही की मागच्या दारी मजुरी घ्यायला उभी राहिलेली बाई आणि कोठीच्या दारातली सून यांना एकाच हाताने एकाच मापाने दिलं जातंय. अगं तुझी कादंबरी तिथे आहे. मैत्रीण म्हणते तो भाग काढ, मी म्हणते त्याच्या भोवतीचं बाकीचं काढावं लागलं तरी चालेल पण तो ठेव.

आणि त्या मागच्या दारच्या बाईला नाव नाहीये. तुझ्या सगळ्या पानांत ती 'कुळवाडीण' आहे फक्त. घरातल्या म्हशीला नाव आहे, गाभण कधी राहिली ते आहे, पण जी लावणीला येते, कापणीला येते, बेडं म्हणजे सुपाऱ्या सोलायला येते, शेणी थापते, तिला नाव नाही. हे तुझ्या एकटीचं नाही म्हणत मी, आपल्याकडच्या खूपशा घरातल्या आठवणी अशाच असतात, ओटीवरची माणसं नावानिशी आणि परसातली माणसं कामानिशी. पण तू वारसा वारसा म्हणून लिहितेयस ना, मग वारशात तेही आलं. गावात अजून कोणीतरी असेल त्या घरातलं. सून असेल, नात असेल, कदाचित तुझ्याच बँकेत बचत गटाचं खातं असेल तिचं. तिच्याकडे जा. कादंबरीसाठी माहिती गोळा करायला आलेय असं म्हणून वही उघडून बसू नकोस लगेच, पण जा. तुझ्या आजीला त्यांच्या घरात काय म्हणायचे ते विचार. उत्तर आवडणार नाही कदाचित.

आता जरा कायद्याचं बोलते, कंटाळू नकोस, कारण तुझ्या आजीच्या आयुष्यात कायदाच सगळ्यात मोठा पाहुणा आहे आणि ड्राफ्टमध्ये त्याला तू बसायला पाटसुद्धा दिलेला नाहीस. नुसतं 'कोर्टकचेऱ्या केल्या' असं लिहून मोकळी झालीस. कसल्या कोर्टकचेऱ्या? बघ ना काळ कसा आहे. खोती म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताची कुळांवरची सत्ता, तिच्याविरुद्ध आपल्या किनाऱ्यावर आधीपासून पेटलेलंच होतं, अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ला संप सुरू केला तो कितीतरी वर्षं चालला, बाबासाहेबांनी 1937 ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं. तुझी आजी विधवा झाली 1944 ला. पाच वर्षांत, 1949 ला, खोती निर्मूलनाचा कायदा आला. म्हणजे जे घर तिने हातात घेतलं ते घेतल्या घेतल्या पायाखालनं सरकायला लागलं होतं. मग 1956 चा हिंदू वारसा कायदा, ज्याने बाईच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची केली, तोवर विधवेला मिळायचा तो हयातीपुरता हक्क, विकायचं म्हटलं तर शंभर भानगडी. आणि लगेच पुढच्या वर्षी, 1 एप्रिल 1957, कूळकायद्याचा तो दिवस, कसणारं कूळ जमिनीचा मालक. एका वर्षात एका कायद्याने दिलं आणि दुसरा काढून घ्यायला दारात.

आणि इथे खरी मेख आहे. कूळकायद्यात अशी तरतूद होती की जमिनीची मालक विधवा असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क तेव्हा लगेच लागू व्हायचा नाही, पुढे ढकलला जायचा. अज्ञान मुलं, अपंग मालक यांच्या बाबतीतही तसंच. हेतू चांगलाच होता, निराधार बाईच्या हातातलं एकदम जाऊ नये. पण आता तुझ्या आजीच्या आलवणाकडे परत बघ. ज्या वैधव्याने तिचे केस गेले, शुभकार्यात तिला माजघराच्या दारामागे उभं केलं, त्याच वैधव्यामुळे जमीन तिच्या नावावर टिकली असेल. आणि तिकडे ती बिननावाची बाई आणि तिचा नवरा, तीच जमीन कसत, शेजारच्या वाडीतल्या कुळांच्या नावाने 32 ग च्या, म्हणजे कुळाच्या खरेदीची किंमत ठरवायच्या केसेस चालून सातबारा झाले हे बघत, वाट बघत बसले असतील, की म्हातारी कधी... हे वाक्य तू पुरं कर, मी नाही करत.

तुमच्याकडे असंच झालं असेल असं मी छातीठोकपणे म्हणत नाहीये. वाटणी कधी झाली, कोणत्या गटाला कोणाचं नाव होतं यावर सगळं असतं. म्हणून जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढ. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करून नकला मिळतात, एक फेरी फुकट जाईल, दुसऱ्या फेरीला साहेब मीटिंगला असतील, तरी काढ. कुठल्याही आठवणीपेक्षा फेरफाराची एक ओळ जास्त बोलते, कोण मयत, कोण वारस, कोणाचं नाव कमी केलं, आणि 'बहिणींनी हक्क सोडला' हे त्यात किती वेळा येतं ते बघच.

मैत्रिणीला सांग, हा स्त्रीवाद पुरे का अजून पाहिजे.

पत्राच्या कापलेल्या भागात तू विचारलंयस की आधी कोणी असं लिहिलंय का. लिहिलंय की, आणि लांब कशाला जायला पाहिजे. ऊर्मिला पवार आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या, त्यांचं आत्मकथन 'आयदान' 2003 ला आलं. आई बांबूच्या सुपल्या, टोपल्या विणून घर चालवायची, आणि त्या पुस्तकाची सुरुवातच डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला डोक्यावर ओझी घेऊन जाणाऱ्या बायकांनी होते, काय त्यांच्या गप्पा, काय ती भाषा. ते वाच, आणि वाचलं असशील तर आता परत वाच, कारण तुझ्या घराचं मागचं दार बाहेरच्या बाजूने कसं दिसत असेल याची कल्पना तुला तिथे येईल. आतल्या बाजूने तर आपल्याला पाठच आहे.

दुसरं, आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण', 1944 चं. योगायोग बघ, तुझी आजी विधवा झाली त्याच वर्षाचं. देवरुखच्या माहेरच्या गोदूबाई, बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी, आणि 1893 ला धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं तर कर्व्यांच्या गावाने, मुरुडने, घराला वाळीत टाकलं. धोपाव्याहून फेरीबोटीत बसून दाभोळला उतरलीस की मुरुड काय फार नाही. म्हणजे तुझ्या आजीच्या जन्माआधीच तिच्या गावापासून खाडीपलीकडे हे सगळं घडून गेलेलं होतं. आजीला माहिती होतं का? घरात त्याबद्दल काय बोललं जायचं? मला वाटतं नक्की बोललं जायचं, आणि चांगलं नाही. दुसरं लग्न करणारी बाई आणि किल्ल्या कमरेला लावून राहणारी बाई, दोघींना एकमेकींबद्दल काय वाटलं असतं यावर तुझं एक आख्खं प्रकरण होईल. आनंदीबाईंचं सांगणं किती सरळ आहे तेही बघ, गळा काढत नाहीत कुठे. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात 'अश्रूंच्या धारा' दोनदा आल्यायत, दोन्ही उडव.

आता आई. पत्रात तू चुलतभावाची परवानगी, मैत्रिणीचं मत, माझा सल्ला सगळं मागितलंस आणि ज्या बाईने ते सपाट माप घेतलं ती तुझ्याच घरात सत्तरी ओलांडून बसलीय, तिने काही वाचलंय का याचा पत्ता नाही. तिला वाचून दाखव. सगळं नको, तिच्यावरचा भाग. ती म्हणेल कशाला ते उगाळतेस, मेलं माणूस ते. आमच्याकडच्या सगळ्या आया हेच म्हणतात आणि मग तासाभराने स्वैपाकघरातनं येऊन सांगतात की ते तसं नव्हतं, ते तांदूळ जुने होते आणि मी रडले नव्हते, मी रात्री आगरातल्या पडलेल्या नारळांतला एक उचलून लपवून ठेवला होता. असं काही निघालं तर तुझं लिहिलेलं सगळं बदलेल, बदलू दे. तुझ्या ड्राफ्टमधली आई फार गरीब आहे बघ, नुसती सोसते. सोसणाऱ्या माणसाचे पण उद्योग असतात. आणि ती नाहीच म्हणाली, हे छापू नकोस म्हणाली, तर मात्र तिचं ऐकावं लागेल असं माझं मत. चुलतभावाचं नाही ऐकलंस तरी चालेल, तिचं ऐक. आजी गेलेली आहे, आई आहे. उद्या त्याच गावात तिला हळदीकुंकवाला जायचंय.

बोलीचं फार डोकं खाऊ नकोस. आजी बोलायची तशीच बोलू दे. निवेदन तुझ्या भाषेत, बोलणं ज्याचं त्याच्या भाषेत. फक्त एक कर, आजीला बोली आणि वडिलांना शुद्ध असं नको, तू तसं केलंयस, म्हणजे घरातला पुरुष बोलला की पुस्तकी आणि बाई बोलली की गावठी, असं होतंय. वडील घरात काय पुण्याचं बोलत होते का? आणि कुळांच्या घरातलं बोलणं वेगळं, त्याला तुमच्या घरातली बोली लावू नकोस, कानाने ऐकून लिही. तळटिपा नकोत. वाचणाऱ्याला चार शब्द नाही कळले तर नाही कळले.

चुलतभाऊ. अब्रू अब्रू करणाऱ्यांचा माझा अनुभव असा की नातेवाईक कादंबरी वाचत नाहीत, कादंबरीत स्वतःला शोधतात, आणि सापडले नाहीत तर जास्त रागावतात. टोपणनाव घेऊ का असं तू शेवटी बारीक अक्षरात विचारलंयस. मालतीबाई बेडेकरांनी 1933 ला 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर नावाने काढलं तेव्हा त्याला अर्थ होता, ही बाई कोण म्हणून शोधाशोध झाली, केवढा गदारोळ. पण गुहागर तालुक्यात टोपणनाव? गणपतीला मुंबईकर आले की पहिल्या आरतीच्या आत सगळ्या वाडीला कळेल. स्वतःच्या नावाने लिही. गावाचं नाव बदल, घराचं आडनाव बदल, दोन मुलग्यांचे हवं तर तीन कर. पण गाव बदलताना जमीन बदलू नकोस. मी बघितलंय लोक ओळख लपवायला गोष्ट उचलून देवगडला नेतात आणि मग नारळी-पोफळीच्या आगरात वाढलेली बाई कातळावरच्या हापूसच्या कलमांत फिरायला लागते, पाटाने शिंपणं नाही, सुपारी वाळवणं नाही, काहीच नाही, आणि ती बाईच खोटी होते. तुझी आजी सुपारीच्या हिशोबावर उभी आहे. ते राहू दे.

हक्कसोडीचं शेवटी लिहितेय पण तुझ्या पत्रातलं खरं घाईचं तेच आहे. वडिलांच्या वाट्याला तू आणि आई वारस आहात, मुलगी आणि विधवा पहिल्या वर्गातले वारस हे 1956 पासूनच आहे, यात कोणी उपकार करत नाहीये. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानेच मुलासारखा हक्क हे 2005 च्या दुरुस्तीने आलं, महाराष्ट्रात त्याआधी 1994 ला थोडं आलं होतं पण तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरतंच, आणि 2005 च्या आधी वडील गेले असले तर काय हा घोळ सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये मिटवला, की वडील तेव्हा हयात असायची गरज नाही. तुमच्या मिळकतीत कुठला भाग आजीच्या मालकीचा आणि कुठला वडिलोपार्जित हे त्या फेरफारांवरनंच कळेल, म्हणजे एका फेरीत दोन कामं. हक्कसोडपत्र रजिस्टर होतं, एकदा झालं की झालं, मग रडून उपयोग नाही. तुला वाटा नकोच असेल तर सोड, तो तुझा प्रश्न, बँकेत आहेस, कागद वाचायची सवय आहे. पण आईची सही तिला वकिलाने समजावून सांगितल्याशिवाय होऊ देऊ नकोस, आणि वकील त्यांचा नको, तुमचा. पुस्तकाच्या बदल्यात सही हा सौदा तर अजिबात नको. पुस्तक छापायला तुला त्यांची परवानगी लागत नाही, मग ज्याची गरजच नाही त्याची किंमत आगराएवढी का मोजायची? आणि समज केलीस सही आणि पुस्तक आलं, तर ते काय गप्प बसणार आहेत होय.

मापाचा भाग परत लिहिलास की पाठव, त्या बाईचं नाव घालून. गणपती झाल्यावर पाठव मात्र, त्या आधी आमच्याकडेपण घर भरलेलं असतं आणि मला वाचायला बसता येत नाही.